मेजर चॅरिटी ॲडम्स आणि त्यांची टपाल-पलटण

पत्र म्हणजे अर्धी भेट, असें आपल्याकडील वडील माणसें सांगत आलीं आहेत. घरच्या पत्राची किंमत काय असते, हें ज्यांनीं वसतिगृहांत राहून शिक्षण घेतलें आहे त्यांस निराळें सांगावयास नको. मग जो समुद्रापलीकडे परक्या मुलुखांत तोफांच्या भडिमारांत दिवस कंठीत आहे, आणि ज्याला उद्यांचा सूर्योदय दिसेल किंवा नाहीं याची शाश्वती नाहीं, त्या शिपायास तें पत्र किती मोलाचें वाटत असेल! आपल्या सातारा-रत्नागिरीकडील कित्येक कुटुंबांस या गोष्टीचा अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणी इटलीच्या डोंगरांत लढत असतां त्यांच्या घरचीं माणसें टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसत, आणि तिकडे खंदकांतील शिपाईही तशीच वाट पाहत असे.

युद्धाचे इतिहास लिहिणारे सेनापतींचीं नांवें लिहितात, लढायांच्या तारखा देतात. परंतु शिपायाच्या हातीं त्याचें पत्र कोणीं पोंचविलें, हें सांगणारा विरळा. म्हणून या अंकांत आम्ही आमच्या वाचकांस एका अशा बाईंचें चरित्र सादर करीत आहों, कीं ज्यांनीं हातीं बंदूक न घेतां, केवळ नांवें आणि पत्ते यांच्या बळावर, १९४५ सालीं एका प्रचंड सैन्याची मोठी सेवा केली. त्यांचें नांव मेजर चॅरिटी ॲडम्स.

चॅरिटी एड्ना ॲडम्स हिचा जन्म ५ डिसेंबर १९१८ रोजीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील किट्रेल या गांवीं झाला. तिचें बालपण मात्र शेजारच्या साउथ कॅरोलायना संस्थानाच्या राजधानींत, कोलंबिया शहरांत, गेलें. वडील धर्मोपदेशक होते; त्यांस ग्रीक व हिब्रू या प्राचीन भाषा चांगल्या अवगत होत्या. आई शिक्षिका होती. चार भावंडांत चॅरिटी सर्वांत वडील. अशा घरांत विद्येस केवढा मान असेल, हें सांगावयास नको.

परंतु हें कुटुंब कृष्णवर्णीय होतें. त्या काळीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत कृष्णवर्णीयांच्या शाळा निराळ्या, गाडींत बसावयाच्या जागा निराळ्या, पाणी पिण्याचे नळ देखील निराळे असत. १९६४ सालीं नागरी हक्कांचा कायदा झाला तेव्हां कोठें कायद्यानें या भेदाचें मूळ तोडलें. ज्या देशांत १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, त्या देशांतील वाचकांस हा अपमान कसा असतो तें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

चॅरिटी अभ्यासांत हुशार होती. कोलंबियांतील हायस्कुलांतून ती आपल्या वर्गांत पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाली. पुढें ओहायो संस्थानांतील विल्बरफोर्स विद्यापीठांत तिनें उच्च शिक्षण घेतलें. गुलामगिरीच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडांत जन्मभर झगडणाऱ्या विल्यम विल्बरफोर्स यांचें नांव धारण करणारें हें विद्यापीठ १८५६ सालीं स्थापन झालें असून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचें तें एक जुनें पीठ आहे. तेथें गणित आणि पदार्थविज्ञान हे विषय घेऊन ती १९३८ सालीं पदवीधर झाली. मग आपल्या गांवीं परत येऊन तिनें चार वर्षें शिक्षिकेचें काम केलें, आणि उन्हाळ्याच्या सुट्टींत ओहायो स्टेट विद्यापीठांत मानसशास्त्राचा पुढील अभ्यास चालू ठेविला. वर्गांतल्या मुलांचा हजेरीपट आणि गणिताची शिस्त, या दोन गोष्टी पुढें तिला युद्धांत उपयोगीं पडतील, असें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींही आलें नसेल.

डिसेंबर १९४१ मध्यें अमेरिका दुसऱ्या महायुद्धांत उतरली. १९४० च्या कायद्यानें तेथें सक्तीची लष्करभरती सुरू झालीच होती. युद्ध संपेपर्यंत सुमारें एक कोटी तरुण या सक्तीनें सैन्यांत आणले गेले. शेतकऱ्यांचे मुलगे, कारकून, कारखान्यांतील कामगार असे हे तरुण होते; त्यांतील कित्येकांनीं आपला मुलूख सोडून दूरचा प्रवास कधीं केला नव्हता. त्यांस गणवेश देऊन महासागरापलीकडे धाडण्यांत आलें. स्त्रियांवर ही सक्ती नव्हती. परंतु मे १९४२ मध्यें कायदा होऊन स्त्रियांचें एक साहाय्यक सैन्य उभें करण्यांत आलें, आणि त्यांत स्वखुषीनें येणाऱ्या सुशिक्षित स्त्रियांचा शोध सुरू झाला. विल्बरफोर्स येथील वडीलधाऱ्यांनीं चॅरिटीचें नांव सुचविलें. तिनें अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि जुलै १९४२ मध्यें ती आयोवा संस्थानांतील फोर्ट डी मॉइन या छावणींत अधिकाऱ्यांच्या पहिल्या वर्गांत दाखल झाली. त्या वेळीं तिचें वय तेवीस वर्षांचें होतें. येथून पुढें आम्ही त्यांस ॲडम्सबाई असें आदरानें म्हणूं.

छावणींत पाऊल ठेवतांच जो प्रसंग घडला, तो आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावा. सर्व उमेदवार स्त्रिया एकत्र बसल्या असतां एका अधिकाऱ्यानें सर्व काळ्या मुलींस एका बाजूस होण्यास फर्माविलें. क्षणभर सर्वत्र शांतता पसरली. मग गौरवर्णीय स्त्रियांस एकेकीचें नांव पुकारून त्यांच्या खोल्यांकडे नेण्यांत आलें. ज्या बाजूस काढल्या होत्या, त्यांचीं नांवें कोणीं पुकारलीं नाहींत. त्यांचा एक जथा समजून त्यांस वेगळ्या इमारतींत नेलें. ॲडम्सबाईंच्या मनास हें फार लागलें. आपण सर्व जणी एकाच देशाच्या सेवेस आलों असतां आम्हांसही नांवानें हांक मारतां आली नसती काय, हा प्रश्न त्यांच्या मनांत कायमचा राहिला, आणि अनेक वर्षांनीं लिहिलेल्या आत्मचरित्रांतही त्यांनीं हा प्रसंग आवर्जून नमूद केला.

शिक्षण एकच, कवाईत एकच, परीक्षा एकच. परंतु राहणें आणि जेवणाचें मेज निराळें, असा तेथील कारभार होता. २९ ऑगस्ट १९४२ रोजीं हा पहिला वर्ग बाहेर पडला, आणि ॲडम्सबाई त्या सैन्यांतील अगदीं पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-अधिकाऱ्यांपैकीं एक झाल्या. पुढें दोन वर्षांहून अधिक काळ त्यांनीं त्याच छावणींत नव्या स्त्री-सैनिकांस शिकविण्याचें काम केलें. १९४३ सालीं त्या मेजर झाल्या. त्याच सुमारास कृष्णवर्णीय स्त्रियांची एक स्वतंत्र शिक्षण-पलटण काढून तिचें आधिपत्य बाईंस द्यावें, असा बेत वरिष्ठांनीं केला. बढतीची ही मोठी संधि होती. परंतु या बेतानें भेदाची भिंत अधिकच उंच होईल, हें ओळखून बाईंनीं तें पद घेण्याचें साफ नाकारलें. अखेरीस तो बेत रद्द झाला.

१९४४ संपत आलें तरी कृष्णवर्णीय स्त्री-सैनिकांस युरोपांत धाडण्यांत आलें नव्हतें. मेरी मॅक्लाउड बेथ्यून या थोर शिक्षणतज्ज्ञ बाई व राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनोर रूझवेल्ट यांनीं या गोष्टीचा पाठपुरावा केला होता. अखेर जानेवारी १९४५ मध्यें ॲडम्सबाईंस विमानानें निघण्याचा हुकूम झाला. कोठें जावयाचें तें सांगितलें नव्हतें; हुकुमाचें बंद पाकीट विमान उडाल्यावरच उघडावयाचें होतें. तें उघडलें तेव्हां आपण लंडनला जात आहों, असें बाईंस समजलें. त्यांच्या पलटणीचें नांव ६८८८ वी मध्यवर्ती टपाल-निर्देशन पलटण. पुढें तिच्यांत मिळून ८५५ स्त्रिया होत्या, आणि परदेशीं गेलेली कृष्णवर्णीय स्त्री-सैनिकांची ही एकुलती एक मोठी पलटण होय. मुख्य तुकडी ३ फेब्रुवारी रोजीं जहाजानें न्यूयॉर्कहून निघाली, आणि जर्मन पाणबुड्यांस चुकवीत अकरा दिवसांनीं स्कॉटलंडांतील ग्लासगो बंदरीं उतरली. तेथून आगगाडीनें ती इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं आली.

बर्मिंगहॅम येथें काय वाढून ठेविलें होतें, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. जून १९४४ मध्यें दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि झपाट्यानें पुढें सरकूं लागल्या. आज एका गांवीं असलेली तुकडी उद्यां दुसऱ्या गांवीं असे. कोणी जखमी होऊन इस्पितळांत जाई, कोणाची दुसऱ्या पलटणींत बदली होई, कोणी धारातीर्थीं पडे. पत्रावर लिहिलेल्या ठिकाणीं तो शिपाई असेलच, असा नेम नसे. डिसेंबर १९४४ मध्यें जर्मनांनीं आर्डेनच्या जंगलांत मोठी चढाई केली, तेव्हां तर नाताळासाठीं घरून निघालेलीं पार्सलें जागच्या जागीं अडकून पडलीं. अशा रीतीनें न पोंचलेल्या टपालाचे डोंगर साचत गेले; पत्रें-पार्सलें मिळून सुमारें एक कोटी सत्तर लक्ष नग पडून होते. हें काम सहा महिन्यांत उरकावें, असा पलटणीस हुकूम होता.

पलटणीचा मुक्काम किंग एडवर्ड्‌स स्कूल या जुन्या विद्यालयाच्या आवारांत होता. टपाल ज्या कोठारांत भरलें होतें तीं अंधारीं आणि थंडगार होतीं. शत्रूच्या विमानांस उजेड दिसूं नये म्हणून खिडक्यांच्या कांचा रंगविलेल्या होत्या, आणि आंत ऊब अशी नव्हतीच. स्त्रिया लोकरी कपड्यांवर जाड कोट चढवून कामास बसत. थैल्यांचे ढीग छतापर्यंत गेलेले. नाताळासाठीं घरोघरच्या आयांनीं धाडलेले केक पार्सलांत कुजून गेले होते, आणि त्यांच्या वासानें आलेल्या उंदरांनीं वेष्टनें कुरतडून टाकिलीं होतीं.

ॲडम्सबाईंनीं पलटणीच्या तीन पाळ्या केल्या. आठ-आठ तासांची एक पाळी; रात्र नाहीं, दिवस नाहीं, रविवारही नाहीं. कामाचा सारा आधार म्हणजे नांवांचीं कार्डें. युरोपांत असलेल्या प्रत्येक अमेरिकन माणसाचें एक कार्ड असे, आणि अशीं सुमारें सत्तर लक्ष कार्डें या स्त्रियांनीं सांभाळिलीं. कार्डावर शिपायाचें नांव, त्याचा लष्करी क्रमांक आणि सध्यांचें ठिकाण. बदलीची वर्दी आली कीं कार्डावरील ठिकाण बदलावयाचें. पत्र आलें कीं कार्ड शोधून पाकिटावर नवा पत्ता घालावयाचा. हें ऐकावयास सोपें वाटतें. परंतु एकट्या रॉबर्ट स्मिथ या नांवाचे साडेसात हजार शिपाई होते! आपल्याकडे ज्ञानोबा पाटील किंवा लक्ष्मण जाधव यांचा पत्ता केवळ नांवावरून हुडकावयाचा म्हटल्यास जें होईल, तेंच येथें होई. अशा वेळीं लष्करी क्रमांक हाच एक दिवा. कित्येक पत्रांवर तर नुसतें घरचें लाडकें नांव आणि पुढें अमेरिकन सैन्य एवढाच पत्ता असे. आईच्या मनीं आपल्या बाळ्यास सारें जग ओळखतें! अशा पाकिटाचा मालक शोधतांना बारीकसारीक खुणांवरून माग काढावा लागे.

आणि कांहीं पत्रें अशीं असत, कीं त्यांचा मालक सांपडे, पण तो या जगांत नसे. तीं पत्रें, त्यावर शिपाई मृत्यु पावल्याची नोंद करून, धाडणाऱ्यांकडे परत करावीं लागत. आपण हातीं घेतलेल्या पाकिटांत कोण्या आईचे आशीर्वाद आहेत, कोण्या पत्नीची वाट पाहणें आहे, आणि तें वाचणारे डोळे कायमचे मिटले आहेत, हें जाणून तें काम करणें किती जड असेल याची कल्पना करावी. तोफेच्या आवाजापासून दूर असलेल्या त्या कोठारांतही युद्ध असें रोज येऊन पोंचत होतें. जेथें टपाल थांबतें तेथें सैनिकाची उमेद खचते, अशा अर्थाचें वाक्य या पलटणीनें आपलें ब्रीद म्हणून घेतलें होतें.

आतां आमच्या विद्यार्थिमित्रांनीं थोडें गणित करावें. एका पाळींत सुमारें ६५,००० नग मार्गीं लागत. तीन पाळ्यांचे १,९५,००० झाले. नव्वद दिवसांचे किती? १,७५,५०,०००. म्हणजे जो डोंगर सहा महिन्यांत हलवावयाचा होता तो तीन महिन्यांतच हलला! पूर्वीं गणित शिकलेल्या त्या शिक्षिकेनें आणि तिच्या सहकारिणींनीं हें उदाहरण कागदावर नव्हे, तर थंडीनें काकडलेल्या बोटांनीं सोडवून दाखविलें.

काम असें जोरांत चाललें असतां एके दिवशीं एक जनरलसाहेब पलटणीच्या तपासणीस आले. रांगेंत उभ्या स्त्रिया त्यांस थोड्या वाटल्या. बाकीच्या कोठें आहेत, म्हणून त्यांनीं विचारिलें. एक पाळी कामावर आहे आणि रात्रपाळी करून आलेल्या झोंपल्या आहेत, असें बाईंनीं सांगितलें. साहेबांस राग आला. पलटण कशी चालवावी हें बाईंस दाखविण्यासाठीं एक गौरवर्णीय लेफ्टनंट धाडूं, असें ते सर्वांसमक्ष म्हणाले. वाचकहो, लेफ्टनंटाचा हुद्दा मेजरच्या हुद्द्याहून खालचा. तेव्हां हा अपमान हुद्द्याचा नसून वर्णाचा होता, हें उघड आहे. बाईंनीं अदब न सोडतां, परंतु स्पष्ट शब्दांत, आपल्या देहांत प्राण असेपर्यंत तसें होणार नाहीं, असें उत्तर दिलें.

जनरलसाहेबांनीं लष्करी न्यायालयांत खटला भरण्याची तयारी चालविली. शिपाईगिरींत वरिष्ठास असें उत्तर देणें म्हणजे नोकरीवर आणि अब्रूवर पाणी सोडण्यासारखें होतें. परंतु बाई घाबरून बसल्या नाहींत. त्या कायदा वाचावयास बसल्या. वर्णभेदावर जोर देणारी भाषा कोणीं वापरूं नये, असा दोस्त सैन्याच्या सर्वोच्च ठाण्याचा हुकूम होता. त्याच्या आधारें त्यांनीं आपल्या अधिकाऱ्यांसह उलट तक्रार तयार केली. अखेर साहेबांनीं आपला खटला मागें घेतला आणि बाईंनींही आपली तक्रार पुढें नेली नाहीं. पुढें याच साहेबांनीं बाईंची भेट घेऊन त्यांच्याविषयीं आपणांस आदर वाटूं लागल्याचें बोलून दाखविलें. प्रतिपक्ष्याचें मन असें जिंकणें हा विजय आम्हांस खटला जिंकण्याहून मोठा वाटतो.

दुसरी एक गोष्ट अशीच आहे. रजेवर लंडनला जाणाऱ्या स्त्री-सैनिकांसाठीं रेडक्रॉसनें एक उतारगृह ठेविलें होतें, आणि तेथें सर्व जणी एकत्र राहत. ही पलटण आल्यावर कृष्णवर्णीय स्त्रियांसाठीं एक निराळें उतारगृह सजविण्यांत आलें. सोयी चांगल्या होत्या. परंतु चांगली असली तरी ती वेगळी पंगतच होती. बाईंनीं आपल्या पलटणीस सर्व हकीकत समजावून सांगितली, आणि त्या उतारगृहांत त्यांच्यापैकीं एकही स्त्री कधीं राहावयास गेली नाहीं. याच्या उलट बर्मिंगहॅमच्या नागरिकांनीं या स्त्रियांस आपल्या घरीं चहास बोलाविलें, शिध्याची टंचाई असतांही त्यांचें आदरातिथ्य केलें. स्वदेशांत जो मान मिळाला नाहीं तो त्यांस परदेशांत मिळाला, ही गोष्ट त्यांतील अनेकींच्या कायम स्मरणांत राहिली.

मे १९४५ मध्यें युरोपांतील युद्ध संपलें, आणि पलटणीस फ्रान्समधील रूआँ शहरीं जाण्याचा हुकूम झाला. हें तेंच शहर, जेथें १४३१ सालीं जोन ऑफ आर्क या वीरकन्येस जिवंत जाळण्यांत आलें. तिच्या स्मरणार्थ त्या मे महिन्यांत जो समारंभ झाला, त्यांत या पलटणीच्या स्त्रियांनींही संचलन केलें. तेथेंही कित्येक महिन्यांचें टपाल साचलें होतें. त्यांतील कांहीं पत्रें दोन-तीन वर्षांचीं जुनीं होतीं. तें काम चालू असतांच पलटणीवर मोठें दुःख कोसळलें. ८ जुलै १९४५ रोजीं एका मोटारीस अपघात झाला आणि त्यांत पलटणीच्या तीन तरुण स्त्रिया प्राणास मुकल्या. त्यांच्या भगिनींनींच वर्गणी जमवून त्यांच्या अंत्यसंस्काराची व्यवस्था केली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील अमेरिकन स्मशानभूमींत नऊ हजारांहून अधिक सैनिक चिरनिद्रा घेत आहेत. त्यांत स्त्रिया केवळ चार, आणि त्या चारांपैकीं तिघी या टपाल-पलटणीच्या आहेत.

ऑक्टोबर १९४५ मध्यें पलटण पॅरिसला गेली. एकेक तुकडी घरीं परतूं लागली. डिसेंबर १९४५ मध्यें ॲडम्सबाईंस लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला. स्त्रियांच्या त्या सैन्यांत एका मुख्याधिकारिणीवांचून कोणासही याहून मोठा हुद्दा नव्हता. मार्च १९४६ मध्यें न्यू जर्सी संस्थानांतील फोर्ट डिक्स येथें पलटण विसर्जित झाली. ना मिरवणूक निघाली, ना वाजंत्रीं वाजलीं. ज्यांनीं लक्षावधि माणसांस त्यांच्या घरांशीं जोडिलें, त्या मात्र गाजावाजा न होतां आपापल्या घरीं गेल्या.

सैन्य सोडल्यावर बाईंनीं ओहायो स्टेट विद्यापीठांतील अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करून पदवी घेतली. पुढें त्यांनीं माजी सैनिकांच्या खात्यांत आणि दोन महाविद्यालयांत काम केलें. १९४९ सालीं त्यांचा विवाह स्टॅन्ले अर्ली यांच्याशीं झाला. पती स्वित्झर्लंडांत वैद्यकीचा अभ्यास करीत असतां बाईही झुरिच येथें राहून जर्मन भाषा शिकल्या आणि तेथील विद्यापीठांत मानसशास्त्राच्या व्याख्यानांस बसल्या. १९५२ च्या सुमारास परत आल्यावर ओहायोंतील डेटन शहरीं त्यांनीं संसार केला. त्यांस एक मुलगा व एक मुलगी झाली. शहराच्या अनेक सार्वजनिक संस्थांत त्यांनीं काम केलें, आणि १९८२ सालीं कृष्णवर्णीय तरुणांस सार्वजनिक कार्याचें शिक्षण देणारी एक योजना सुरू केली. १९८९ सालीं त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. १३ जानेवारी २००२ रोजीं, वयाच्या ८३ व्या वर्षीं, डेटन येथें त्यांचें देहावसान झालें.

सरकारदरबारचा मोठा मान बाईंच्या मरणानंतर बऱ्याच वर्षांनीं आला. २०१८ सालीं कॅन्सस संस्थानांतील फोर्ट लेव्हनवर्थ येथें पलटणीचें स्मारक उभें राहिलें. २०२२ सालीं अमेरिकन कायदेमंडळानें संपूर्ण पलटणीस आपलें सुवर्णपदक देण्याचा कायदा केला. २०२३ सालीं व्हर्जिनियांतील फोर्ट ली या लष्करी ठाण्यास, आर्थर ग्रेग या दुसऱ्या एका कृष्णवर्णीय सेनाधिकाऱ्याच्या नांवाबरोबर, ॲडम्सबाईंचें नांव देण्यांत आलें. परंतु २०२५ सालीं तें काढून पुन्हां ली हेंच नांव ठेवण्यांत आलें. फाटकावरच्या पाट्या लागतात आणि उतरतात. एक कोटी सत्तर लक्ष नगांचा तो बटवडा मात्र कोणास मागें घेतां येणार नाहीं.

कोणी विचारील, ज्या देशानें दारांतच अपमान केला त्याची इतक्या निष्ठेनें सेवा कां करावी? आम्हांस असें दिसतें, कीं ॲडम्सबाईंनीं दोन गोष्टींची गल्लत कधीं होऊं दिली नाहीं. अन्यायाविरुद्ध त्या गप्प बसल्या नाहींत. वेगळी पलटण, वेगळें उतारगृह, वर्णाचा टोमणा, यांपैकीं एकही गोष्ट त्यांनीं मुकाट्यानें सोसली नाहीं. परंतु आपल्या रागाची शिक्षा त्यांनीं कोठारांतल्या पत्रांस दिली नाहीं. पाकीट गोऱ्या शिपायाचें कीं काळ्या, जनरलाचें कीं सक्तीनें आणलेल्या साध्या जवानाचें, हें त्या स्त्रियांनीं पाहिलें नाहीं. पाहिलें तें फक्त नांव आणि क्रमांक. ज्यांचीं स्वतःचीं नांवें पुकारण्याची तसदी कोणीं घेतली नव्हती, त्यांनीं सत्तर लक्ष नांवें जपलीं, आणि साडेसात हजार रॉबर्ट स्मिथांतला प्रत्येक रॉबर्ट निराळा मानिला.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या वर्गांत, वसतिगृहांत, खेळाच्या मैदानावर असा एखादा मुलगा किंवा मुलगी असते, कीं जिला तिच्या गांवावरून, जातीवरून किंवा रूपावरून हांक मारण्याची खोड इतरांस लागलेली असते. हें चरित्र वाचून झाल्यावर तिला तिच्या नांवानें हांक मारावी. आणि जे घरापासून दूर राहतात त्यांनीं या रविवारीं घरीं एक पत्र लिहावें. पत्ता मात्र स्वच्छ अक्षरांत घालावा.